कासमचाचांच्या सळईचा गडू

तांब्याचा गडू चिंचेनं घासताना हाताला येणारा वास मला अजून सोसत नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. मी पिंपळगाव राजात नवी सून होते. घड्याळं दुरुस्त करणारे कासमचाचा काचेच्या बरण्यांत वीज तयार करत. गाव त्यांना जादूगार म्हणे. त्यांनी शाळेच्या छपरावर तांब्याची लांब सळई उभारून तिची तार जमिनीत पुरली होती. पडणारी वीज त्या वाटेनं मातीत जाईल, म्हणत.

त्या वर्षी पाऊस लांबला. माझे सासरे गावचे पाटील. माणसं घेऊन ते शाळेवर गेले.

"कासम, तुह्या सळईनं पाऊस बांधून ठेवला."

"पाटील, मले गावातून काढा, पन हे काढू नका. खाली लेकरं बसतात, तुमचा धाकटाबी."

सळई उपटली. तांबटानं तिचा गडू घडवून आणून दिला, त्याच दुपारी आभाळ काळंभोर झालं. गाव आनंदानं ओरडू लागलं. चाचा तेवढे शाळेकडे धावत होते, "लेकरांले बाहेर काढा!" मी हसत गडू भरून ठेवला.

त्यातलं पहिलं पाणी संध्याकाळी सासऱ्यांनी माझ्या धाकट्या दिराच्या मिटलेल्या तोंडात घातलं.