सेटिंगमधला वेगळा विभाग

अन्याय इतका नीटनेटका असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

माझ्या ओळखीचा एक प्रोग्रामर चंद्रपूरला बसून आसपासच्या जिल्ह्यांतल्या तलावांच्या मासेमारीच्या ठेक्याचे अर्ज घेणारी वेबसाइट बनवत होता. तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून, हात धुऊनच कीबोर्डला शिवायचा. एकदा त्यानं मला कौतुकानं सेटिंगची फाइल दाखवली. तिच्यात त्यानं स्वतः एक वेगळा विभाग रचला होता: सिरोंच्याच्या ढिवरांचे, म्हणजे तिथल्या मासेमारांचे, अर्ज मुदत संपल्यावरच ठेके देणाऱ्या साहेबांना दिसतील.

मी हादरलो. "भाऊ, हे काऊन केलं?"

"साहेबानं सांगतलं. पण कोडाले हात नाई लावला, सगळं या फाइलीतच ठेवलं! साहेब बदलला का एक ओळ बदलतो, झालं."

"अन् तलाव दुसऱ्याले गेल्यावर त्यायनं खाचं काय?"

त्यानं रुमालानं स्क्रीन पुसली. "तुमी लई गरम होता राजेहो."

तुमच्या तालुक्यात असा अर्ज भराल, तेव्हा तो साहेबांना कधी दिसतो, हे कचेरीच्या खिडकीवर विचारा. लेखी उत्तर मिळेपर्यंत हलू नका.