डाव्या हाताकडचा डोळा

पेणमध्ये गणपती घडवणारे हात पुष्कळ, पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करावी ती नाथानंच. चाळीस वर्षं त्याच्या कुंचल्याखाली मूर्ती डोळे उघडत आल्या.

यंदा फाल्गुनात रोह्याशेजारच्या अष्टमी गावी लेकीकडे गेला असताना त्याला मेंदूचा झटका आला. हातपाय पंधरवड्यात सावरले, जीभही वळू लागली. पेणला परतताच तो मूर्तीसमोर बसला, एक सुरेख डोळा आखला आणि कुंचला धुऊन म्हणाला, "झाली."

कारखाना चालवणारी नमिता गोंधळली. "काका, दुसरा डोळा?"

"दुसरा कुठला? म्हाताऱ्याची चेष्टा करतेस व्हय?"

घरीही तेच. जेवताना तो बायकोवर डाफरला, "भाकरी संपली काय गो?"

"ताटात हाय की! डावीकडं बघा."

"डावीकडं काय नाय."

गिरजाबाईनं मुकाट्यानं ताट फिरवलं.

"आत्ता वाढलीस व्हय!" नाथा म्हणाला.

रोह्याच्या डॉक्टरांनी समजावलं. डोळे धड आहेत. पण मेंदूतल्या दूरदूरच्या जागा एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि लक्ष कुठं द्यायचं ते त्या मिळून ठरवतात. त्या जाळ्याचा उजवा भाग दुखावला, म्हणून नाथाचं डावीकडं लक्षच जात नाही. रंगमंचाची डावी बाजू अंधारात बुडावी आणि प्रेक्षकाला वाटावं, मंच एवढाच आहे, तसं. सरावानं फरक पडेल; किती, ते सांगता येत नाही.

ताटाची युक्ती गिरजाबाईनं कारखान्यात आणली. एक डोळा झाला की ती मूर्तीखालचा पाट थोडा उजवीकडं फिरवी. दुसरा समोर येई, नाथा तोही आखी. नमितानं टाळ्या वाजवल्या. नाथानं मात्र बायकोला विचारलं, "नजर जुळली काय गो? खरं सांग."

गिरजाबाईनं निरखून पाहिलं. दोन्ही डोळे देखणे होते, पण त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

"नाय," ती म्हणाली. "एक पेणला बघतोय, एक रोह्याला."

नाथा खो खो हसला. मग त्यानं ती मूर्ती बाजूला सारली. दोन्ही डोळे एकदम डोळ्यांपुढं धरल्याशिवाय नजर जुळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं नवी मूर्ती ओढली, उजव्या हाताकडचा डोळा आखला आणि कुंचला नमितापुढं धरला.

"आता माझा बघून तुझा आख. घाई नको."

नमितानं त्याचा डोळा निरखला, मग आपला आखला. "झाला, काका."

नाथानं मान वळवून शोधलं. तो डोळा काही त्याला गवसेना.

"गिरजे?"

"जुळली हो."

"मग आण पुढची."