सुजाता मॅडमची बिऱ्हाडं

मुक्ता, ये, इकडे जवळ बस. तू तिकडे बाणेरला आणि मी इथे मांजरीला, हे मला माहीत आहे, पण हे वाचताना बसलीस असं समज आणि तो फोन पालथा ठेव. परवा किती कौतुकानं सांगत होतीस, की आजी, आम्ही पावसाच्या आकड्यांच्या अभ्यासासाठी क्लाउडवर सगळं तयार करून ठेवलंय, ज्याला हवं त्यानं मेल करावी, आम्ही बघून देऊ. मी 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, म्हातारीला कळलं नाही. कळलं ग. राग आला म्हणून ठेवला. बहिणीची नात आहेस, तेव्हा चार शब्द ऐकून घे. सगळा राग तुझ्यावर नाही. बराचसा जुना आहे, आणि तो सुजाता मॅडमच्या नावानं मी सांभाळून ठेवलाय.

मी उसावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत टायपिस्ट होते हे तुला ठाऊक आहे. मॅट्रिकला दोनदा आपटलेली बाई, टाइपरायटर गेला तेव्हा कॉम्प्युटर आपली आपण शिकले, जेवढा लागतो तेवढाच. मॅडम आमच्याकडे नव्या आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. उंच, काळ्याभोर, पांढरी सुती साडी, आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले.

"लताबाई, उसाच्या रोगाच्या जनुकांचं विश्लेषण कसं करतात, तुम्हाला काही कळतं?"

"नाही हो."

"काहीच?"

"मॅडम, नाही म्हटलं ना."

"उत्तम. चला माझ्याबरोबर."

आत नेऊन मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. स्वतः मागे उभ्या. म्हणाल्या, पडद्यावर जे लिहिलंय ते वाचा आणि करा. दुसऱ्या पायरीलाच मी अडले. मागे वळून बघितलं, तर बाई ढिम्म. हात तसेच पाठीशी. मला वाटलं, ही माझी परीक्षा घेतेय, आता चारचौघांत हसं करणार. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा. तुमचं चुकलेलं नाही. तुम्ही जिथं अडलात तिथं मी खड्डा ठेवलाय. कुठं पाय अडकला तेवढं सांगा." मी सांगितलं. त्यांनी मला शिकवलं नाही, हे लक्षात घे. त्यांनी ती पायरी बदलली आणि मला पुन्हा पहिल्यापासून बसवलं. हात मागे का बांधता, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "मोकळे असले की कीबोर्डकडे जातात. परभणीला माझे हात असणार आहेत का?"

परभणीचं असं होतं. तिकडच्या एका लहान कॉलेजात जाधव सर म्हणून प्राध्यापक होते. उसावर काणी पडते, शेंड्यातून काळा चाबूक निघतो, त्या काणीवर त्यांची मुलं काम करत होती. नमुने होते, माहिती होती, पण ती तपासायच्या प्रोग्रॅमचा मेळच बसेना. एक घातला की दुसरा रुसायचा, दुसरा घातला की पहिला जुना निघायचा. एक अख्खं सत्र त्यात गेलं. शेवटी सर कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीनं पुण्याला आले. आणि आल्या आल्या माफी मागायला लागले, की आमचंच काहीतरी चुकत असेल मॅडम. त्या अशा भडकल्या की सर दोन पावलं मागे सरले. पण बोलणं आमच्या पोरांना होतं. "यांना आपण काय पाठवलं होतं? यादी. हे आणा, ते आणा, अमक्या आवृत्तीचं आणा. नव्या सुनेला भांड्यांची यादी देऊन उभं करता का घराबाहेर? बिऱ्हाड मांडून द्या. शेगडी पेटलेली, मीठ मिठाच्या जागी. आलेल्या माणसानं फक्त आपले तांदूळ टाकायचे."

आमच्यात हिंजवडीहून आलेला एक हुशार मुलगा होता. तो म्हणाला, "पण मॅडम, आपलं डॉक्युमेंटेशन आहे ना."

"पंचांगही असतं. त्यानं संसार होतात का?"

तिथून मॅडमची बिऱ्हाडं सुरू झाली. तुला वेगळं सांगायला नको, पण बाकी कोणी वाचत असेल तर सांगते. क्लाउड म्हणजे लांब कुठंतरी ठेवलेले मोठे कॉम्प्युटर, तासाच्या भाड्यानं मिळणारे. मॅडम तिथं एक कॉम्प्युटर घ्यायच्या, त्यात त्या त्या रोगाच्या अभ्यासाला लागणारं सगळं जिथल्या तिथं बसवायच्या, आणि त्या मांडलेल्या कॉम्प्युटरची जशीच्या तशी प्रत सगळ्यांसाठी उघडी ठेवायच्या. कोणीही घ्यावी, आपल्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर उतरवावी, कामाला लागावं. प्रत्येक बिऱ्हाडाला आधी मी. मी न अडता शेवटाला पोचले की मगच ते बाहेर. "लताबाईंना कळलं" ही आमच्याकडे मोहोर होती. पहिल्यांदा मला त्याचा अपमान वाटायचा, नंतर मी त्याची ऐट करायला लागले. परभणीच्या मुलांची अडलेली गाडी सुटली. मॅडम सगळ्यांना एकच बजावायच्या, "आपली वेगळी प्रत करून घ्या. माझ्या दारावर विसंबून राहू नका."

आणि मग मॅडमच्याच हातून चूक झाली. एका बिऱ्हाडात त्यांचं स्वतःचं लॉगिन पुसायचं राहिलं. म्हणजे दुसऱ्याला घर मांडून दिलं आणि आपल्या घराची किल्ली तिथल्या खुंटीला. मी दार उघडून आत चालून बघत होते, खुंटीला काय लटकलंय ते मला काय कळणार. कोणाच्या लक्षात आलं? जाधव सरांच्या. त्यांनी त्याच दिवशी फोन केला, "मॅडम, तुमचं काहीतरी आमच्याकडे राहिलंय, आम्ही हात लावलेला नाही." मॅडमनी दुपारच्या आत ते बिऱ्हाड मागे घेतलं, किल्ली बदलली, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये आपणहून सगळं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. लपवलं असतं तर आजवर लपलं असतं.

संचालक साहेबांना तेवढंच हवं होतं. त्यांना कधीपासून खुपत होतं, की आपल्या संस्थेचं काम कुठं कुठं वापरलं जातं याचा पत्ता लागत नाही, वापरणारा कोणी साहेबांना नमस्कार घालायला येत नाही. ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "बंद कोण करतंय? मागेल त्याला देऊच की. फक्त अर्ज करायचा, उद्देश लिहायचा, समिती बघेल."

मी चहाच्या कपांशी उभी होते. मॅडमचा आवाज चढला नाही, तो आणखी खाली गेला.

"साहेब, माझे वडील शाळेत असताना पाण्याची घागर कोणी बंद केली नव्हती. मागेल त्याला पाणी मिळायचं. वरून, ओंजळीत. घागरीला हात लावायचा नाही, ओतणारा येईपर्यंत उभं राहायचं. कधी यायचा, कधी नाही यायचा."

"मॅडम, तुम्ही कुठली गोष्ट कुठं नेता."

"मी कुठं नेली नाही. ती इथंच बसली होती." मग म्हणाल्या, "आणि किल्ली परत कोणी दिली? ज्याला तुम्ही आता उद्देश विचारणार, त्यानंच."

खोलीत एवढे डॉक्टरेटवाले होते. सगळे कपात बघत होते, जसा काही चहा नव्यानंच बघितला. आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

बिऱ्हाडांना कुलपं लागली. जाधव सरांची नवी तुकडी तेव्हा निम्म्यावर होती, आणि कॉलेजातली प्रत जुनी झालेली. त्यांनी अर्ज केला. 'उद्देश अधिक स्पष्ट करावा' असं उत्तर गेलं. ते टाइप कोणी केलं असेल? पुढं दोन ओळी कळवळ्याच्या घालायचीसुद्धा मला मुभा नव्हती. सरांनी पुन्हा केला. समितीची बैठक पुढं गेली, मग आणखी पुढं गेली, आणि मुलांचं वर्ष त्यात संपलं. सरांनी मग अर्ज करणं सोडलं. अशी माणसं भांडत नाहीत ग, गप्प होतात. आणि बंद करणाऱ्याला वाटतं, बघा, कोणाला नकोच होतं.

मॅडमनी राजीनामा दिला. विश्रांतवाडीच्या घरी बसून काणीचं बिऱ्हाड पहिल्यापासून मांडायला घेतलं, स्वतःच्या खात्यावर. जुन्यातली एक ओळ उचलली नाही, उद्या कोणी संस्थेची मालमत्ता म्हणायला नको. मी रविवारी दोन बस बदलून जायचे. त्यांना पोटाचं दुखणं लागलं होतं आणि तोवर ते वाढलं होतं. मी म्हणे, मॅडम, बसून सांगा. तर म्हणत, "बसले तर हात पुढं येतील." भिंतीला पाठ लावून, हात भिंतीत आणि पाठीत दाबून उभ्या राहायच्या. चेहरा पिळून निघायचा, पण मी अडले की विचारणार तेच, कुठं पाय अडकला, सांगा. मी एकदा चिडून म्हणाले, कोणासाठी करताय हे, ते संचालक मजेत आहेत. त्यावर म्हणाल्या, "त्यांच्यासाठी मी हातही मागे बांधणार नाही."

एका रविवारी मी बसले आणि कुठंही न थांबता शेवटापर्यंत गेले. मॅडम मागून म्हणाल्या, "उठा आता." मग त्यांनी एकेक कोपरा स्वतः तपासला, खुंटीला काही राहिलंय का ते दोनदा बघितलं, आणि ते सगळ्यांसाठी उघडं केलं. जाधव सरांना फोन मी लावला. सर म्हणाले, "अर्ज कोणाच्या नावे करू?" मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला. "सर, पुन्हा हा शब्द काढलात तर परभणीला येऊन भांडेन. घ्या, आणि आधी आपली प्रत करा."

भांडायला जाणं काही झालं नाही. उन्हाळा लागताना त्या गेल्या.

संस्थेनं शोकसभा ठेवली. हार, फोटो, उदबत्ती. संचालक साहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, सुजाता मॅडमनी ज्ञान मुक्तहस्ते वाटलं, त्यांचा वारसा आपण जपू. मुक्तहस्ते. मी शेवटच्या रांगेतून उठले. म्हटलं, "साहेब, जाधव सरांचा अर्ज अजून तुमच्याकडेच आहे. त्याचं काय ठरलं?"

सगळ्या माना वळल्या. साहेब म्हणाले, "बाई, ही बोलायची जागा नाही."

"हो, चुकलंच," मी म्हटलं. "आधी अर्ज करायला हवा होता."

आणि बाहेर आले.

मॅडमचं खातं त्यांच्या मागं बंद झालं. काणीचं बिऱ्हाड मात्र गेलं नाही. जाधव सरांनी प्रत केली होती, त्यांच्याकडून आणखी कोणी कोणी. आज ते कुठं कुठं मांडलेलं आहे, मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नव्हतं. तू परवा म्हणालीस ना, कोण वापरतंय ते आपल्याला कळायला हवं, म्हणून मेल करायला लावतो. पावसाचे आकडे आहेत ग ते, कोणाच्या घरातलं गुपित नाही. परभणीच्या एखाद्या पोरानं तुला 'आदरणीय मॅडम' लिहून दारात का उभं राहायचं?

बघ, पटलं तर. पण ये तू. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय माझं, त्याच्या आधी ये, पुढच्याच रविवारी ये. येताना ते तुझं मांडलेलं बिऱ्हाड लॅपटॉपवर घेऊन ये. हल्ली मला पूर्वीपेक्षाही कमी कळतं, म्हणजे तुझ्या चांगल्या उपयोगाची आहे मी. खुर्चीत मी बसेन. तू मागे उभी राहा, आणि हात पाठीशी बांध.