बेसमेंटमधली खाडी

ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहणाऱ्या माणसाला सपाट जमीन बघायला इंग्लंड कशाला हवं? घरातून निघून थोडी सायकल मारली की मक्याची आणि सोयाबीनची शेतं लागतात, ती थेट नजर पोचेल तिथपर्यंत. चढ औषधालासुद्धा नाही. पण सिद्धेश सायकल मारायचा ती घराच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी. आणि जायचा कुठे, तर इंग्लंडात, हंबर नदीच्या खाडीकाठी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

याला कारण त्याचा थोरला भाऊ प्रसन्न. मिरजेच्या या दोन भावांपैकी धाकटा ओहायोत एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये रुतून बसला आणि थोरला इंग्लंडात हल शहरी बंदरावर इंजिनियर झाला. पन्नाशीत प्रसन्नला सायकलचं वेड लागलं. हलच्या पूर्वेला खाडीत बांध घालून काढलेली जमीन आहे, पोळपाटासारखी सपाट. गव्हाची शेतं, मधून सरळ गेलेले पाण्याचे चर, लांबवर एखाद्या चर्चचा सुळका, पवनचक्क्या आणि बांधापलीकडे चिखलाच्या रंगाची रुंद नदी. प्रसन्न दर शनिवारी तिथला एखादा रस्ता धरायचा आणि हँडलवरच्या कॅमेऱ्यानं सगळं टिपून भावाला पाठवायचा. बरोबर तोंडाचा पट्टा चालूच. "सिद्धू, डावीकडे बघ, बगळे. बगळे कसले, इकडे यांना काय म्हणतात देव जाणे. पुढे एक कुत्रं आहे, हलकट आहे, आता येईल बघ." आणि ते यायचंच.

सिद्धेशनं सायकलचं मागचं चाक काढून ती ट्रेनर नावाच्या जड यंत्रावर चढवली होती, म्हणजे पॅडल मारत राहायचं आणि जागचं हलायचं नाही. समोर टीव्ही. त्यानं स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, की जितक्या जोरानं पॅडल मारू तितक्या वेगानं व्हिडिओ पुढे सरकेल. त्यात गंमत अशी झाली की जोर लावला की दादाचा आवाज चिरका व्हायचा आणि ढिलाई केली की दारू प्यायल्यासारखा जड. दादाला नीट ऐकायचं तर दादाच्याच वेगानं जावं लागे.

"दादा, म्हातारा झालास यार," सिद्धेश फोनवर म्हणायचा. "तुझ्याबरोबर जायचं म्हणजे मला मुद्दाम स्लो मारावी लागते."

"इथे येऊन वाऱ्यात मारून दाखव, मग बोल. सपाट मुलखात चढ नसतो रे, वारा असतो."

"येतो. नेक्स्ट इयर नक्की."

हे नेक्स्ट इयर सहा-सात वर्षं चाललं होतं. ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला, देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील की नाही ही धास्ती. खरं म्हणजे धास्तीपेक्षा आळस मोठा. पण आळसाला व्हिसाचं नाव दिलं की कुणी काही बोलत नाही.

मग मे महिन्यातल्या एका शनिवारी प्रसन्न सायकल घेऊन बाहेर पडला आणि नदीच्या बांधावरच कोसळला. हार्ट. कॅमेरा त्या दिवशी घरीच राहिला होता. सिद्धेशनं भावाला शेवटचं पाहिलं ते लॅपटॉपवर, अंत्यविधीच्या थेट प्रक्षेपणात, आणि ते संपल्यावर दुपारच्या मीटिंगला हजर राहिला. मराठी मंडळातली माणसं भेटायला आली तेव्हा त्यानं स्वतः चहा केला. जाताना एक काका म्हणाले, "धीराचा आहे हो मुलगा." धीर कसला? त्याला काही वाटतच नव्हतं. दाढेच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावावा आणि तो दुसऱ्याचाच वाटावा, तसं त्याचं सगळंच झालं होतं. जेवायचा, पण मीठ विसरलंय हे निधीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सांगितल्यावर कळायचं.

आधी सिद्धेश फक्त रविवारी खाली जायचा. आता रोज सकाळी जाऊ लागला. जुनेच व्हिडिओ, जुनेच बगळे, तेच कुत्रं. डोळे मिटून पॅडल मारायचा आणि आवाज ऐकायचा. ऐकूनही काही वाटायचं नाही, पण त्याला निदान तेवढा वेळ कुठे असावं हे माहीत असायचं. पंधरा वर्षांची मुलगी अनिका कपडे धुवायला खाली आली की जिन्यावरूनच मागे फिरायची. "बाबा, इट्स क्रीपी," एवढंच म्हणाली एकदा.

रविवारी शरयूवहिनींचा, प्रसन्नच्या बायकोचा, फोन यायचा. हवापाण्याचं बोलून झालं की त्या ठरलेल्या प्रश्नावर यायच्या.

"सिद्धेश, तुला कधी काही बोलला होता का रे? छातीत दुखतंय, दम लागतोय, असं काही?"

"नाही, वहिनी."

"त्या दिवशी त्याला जायचंच नव्हतं. सोफ्यावर लोळत होता. मीच म्हटलं, ऊठ, जा एकदाचा, घरात नुसता पसरलेला असतोस. मीच घालवला त्याला."

"तसं नसतं, वहिनी." दर रविवारी त्या स्वतःला त्याच सुळावर चढवायच्या आणि हा फोन कानाला लावून बसायचा.

ऑक्टोबरात एका सकाळी खालचा स्पीकर बंद पडला. सायकलवर बसल्यावर सिद्धेशच्या लक्षात आलं, पण उतरून दुरुस्त करायचा कंटाळा आला. आवाजच नाही तर डोळे कशाला मिटा? म्हणून तो पडद्याकडे बघत राहिला. एप्रिलमधला व्हिडिओ होता. शब्द सगळे पाठच होते. या वळणानंतर दादा थांबतो, धापा टाकतो आणि म्हणतो, "काय वारा आहे रे आज, बोंबला."

वळण आलं. सायकल थांबली. समोर तीन पवनचक्क्या होत्या आणि तिन्हींची पाती ढिम्म उभी. चराच्या पाण्यात चर्चचा सुळका जसाच्या तसा उमटलेला. काठचं गवत हलत नव्हतं.

सिद्धेशनं पॅडल थांबवलं. मग मागचा आठवडा लावला, त्याच्या मागचा, मार्चमधला. कुठे खरंच वारा होता, झाडं वाकलेली होती. पण बहुतेक ठिकाणी दादा वाऱ्याच्या नावानं शिव्या घालत थांबला होता आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता. म्हणजे दादा वाऱ्यामुळे हळू जात नव्हता. त्याला दम लागत होता, महिनोन्‌महिने, आणि सिद्धेश त्याच वेगानं पॅडल मारत, त्याच धापा ऐकत, वर त्याला म्हातारा म्हणत होता. दिवसभर आकड्यांतल्या चुका शोधायचा पगार घेणारा माणूस! डोळे असून आंधळा म्हणतात तो आणखी कसा असतो?

रात्रीच्या जेवणाला त्यानं निधीला सांगितलं. तिनं वाढायचा चमचा भातातच ठेवला.

"वहिनींना नको सांगूस," ती म्हणाली. "कशाला? आता काय चेंज होणार आहे?"

"त्यांना वाटतं, त्यांनी घालवला म्हणून तो गेला. आधीपासूनच होतं हे त्यांना कळेल."

"आणि तुला सगळं दिसत होतं, हेही कळेल. तू झोपू शकशील त्यानंतर?"

"आता कुठे झोपतो?" सिद्धेश म्हणाला. यात रागही नव्हता. निधीला तेच जास्त लागलं.

रविवारी त्यानं फोनची वाट पाहिली नाही, स्वतःच केला. खाली सायकलशेजारच्या स्टुलावर बसून त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, पवनचक्क्या, खोटा वारा, आपण केलेली थट्टा. "तुमच्यामुळे नाही झालं, वहिनी. निदान मार्चपासून होतं. माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला कळायला हवं होतं, मला नाही कळलं." बोलून झाल्यावर तो शिव्यांची वाट बघत बसला. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वहिनींनी विचारलं, "वारा म्हणायचा तुला?"

"हो."

"मला गुडघा सांगायचा. जिना चढताना मधेच थांबायचा. म्हणायचा, गुडघा धरलाय. मी शेक द्यायचे त्याच्या गुडघ्याला, रोज. तोही घ्यायचा निमूट." त्या हसल्या की काय ते सिद्धेशला कळेना. "मला वाटायचं, तुला तरी खरं सांगत असेल. माझ्याशीच खोटं बोलला, असं धरून बसले होते मी इतके दिवस."

"मलाही नाही सांगितलं."

"चांगलाच अभिनेता होता मेला." आणि मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "त्यात तो बोलतो? सगळ्यात?"

"सगळ्यात."

"माझ्याकडे त्याचा आवाज नाहीये रे, सिद्धेश. फोटो आहेत सगळे. आवाज एकही नाही. व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे पाठवायचा."

पाच महिने रोज सकाळी तो ज्या आवाजात बसत होता, तो पाठवायला एक बटण पुरलं असतं, हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. सिद्धेशला आतून काहीतरी टोचलं. बारीकसं, भूल उतरताना पहिल्यांदा टोचतं तसं.

"आत्ता पाठवतो, वहिनी. सगळे पाठवतो."

"पाठव नंतर. आधी लाव."

स्पीकर बंदच होता. त्यानं टीव्हीचाच बारीकसा आवाज चालू केला, फोन त्याला टेकवून धरला आणि व्हिडिओ सायकलशिवाय साधाच लावला. प्रसन्न खाडीकाठच्या सपाट रस्त्यावरून निघाला, बगळ्यांचं नाव चुकला, कुत्र्याला हलकट म्हणाला, थांबला, धापा टाकल्या, वाऱ्याला शिव्या दिल्या. तिकडे हलमध्ये शरयूवहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "खोटारडा!" आणि हुंदक्यांनी त्यांना पुढे बोलता येईना. सिद्धेश फोन धरून उभा राहिला. हाताला रग लागली तरी त्यानं तो खाली घेतला नाही.