ज्वारीच्या मापाची घांगळी

चाळीसगावला धुळ्याच्या गाडीत चढलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, फराळाचा डबा आणि दुर्गाचा रुसवा, एवढेच सामान होते. दुर्गा माझी धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत शिकवते. पुण्याहून निघण्याच्या आदल्या दिवशी तिने विचारले होते, "दादा, तुझी सतार दोन वर्षं नुसती खुंटीला लटकली आहे. मी नेऊ का?" मी फाडकन म्हटले, "हात सुधारला की मलाच लागेल ती."

हात सुधारणार नव्हता. वैद्यांनी, डॉक्टरांनी आणि माझ्या बायकोने ते मला आपापल्या शब्दांत सांगितले होते. गावच्या विहिरीवर रहाटाच्या दोरात डावे मनगट सापडले, तेव्हापासून तळवा वर वळतच नाही. आणि तळवा वळल्याशिवाय सतारीची दांडी धरता येत नाही. बोटे मात्र शाबूत आहेत. धुळ्याचे माझे स्नेही नाना एका लग्नात भेटले, तेव्हा ते म्हणाले, "आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरात घांगळी नावाचं वाद्य आहे. जमिनीवर आडवं ठेवून वरून बोटं दाबायची. आडवी वाजवायची भारी वीणा घेऊन तोंडघशी पडण्यापेक्षा यावर प्रयोग करून पाहा. फसलास तर भोपळ्याची भाजी कर." भोपळा कडू असतो, हे त्यांनी नंतर सांगितले.

धुळ्याला नानांनी उतरवून घेतले आणि थेट पाटावर बसवले. पानात वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि वर कच्च्या तेलाची धार. ठेच्याकडे पाहून मी पुणेरी ऐटीत म्हटले, "आम्हालाही तिखट चालतं." पुढचा काही वेळ मी तांब्यामागून तांबे पाणी पीत होतो, आणि नानांच्या घरातली मंडळी फार आदराने दुसरीकडे बघत हसत होती. पण इतक्या आग्रहाने वाढणारे लोक मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

सकाळी पिंपळनेरची सर्व्हिस मोटार पकडली. कापसाने फुगलेल्या बैलगाड्या धुळ्याकडे येत होत्या आणि आम्ही त्यांच्या धुळीतून उलटे चाललो होतो. साक्री मागे पडल्यावर सपाट काळी जमीन संपू लागली आणि समोर डोंगर उभे राहिले. मोटार दोनदा थांबली. दुसऱ्यांदा आम्ही सगळे उतरून ढकलायला लागलो, तेव्हा एका म्हाताऱ्याने माझा हात पाहून मला बाजूला उभे केले. मला त्याचा राग आला. माझा हात दुसऱ्या कोणाच्या लक्षात आला की मला रागच येत असे.

घांगळी करणारे रामाआबा पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावर राहत. अंगणात भोपळे वाळत होते. त्यांनी बांबूची एक दांडी काढली. तिच्यावर मेणाने पडदे चिकटवलेले, दोन्ही टोकांना भोपळे, वरून तीन तारा. मला पाहून ते म्हणाले, "कथा सांगशात का?" घांगळीवर कणसरीची (धान्याच्या देवीची) कथा गातात, हे तेव्हा कळले. मी म्हटले, "कथा येत नाही, आबा. सतार वाजवत होतो. आता हा हात वळत नाही."

आबांनी हाताकडे नीट पाहिले. कीव नाही, चुकचुकणे नाही. "बोट वरथून खाले पडस ना? मंग झाये काम."

मी अंगणात मांडी घातली, समोर घांगळी ठेवली आणि वरून बोट दाबले. पहिला सूर भुंग्यासारखा घोंगावला. दुसरा जरा बरा आला. तिसऱ्याला मी बोट सरकवले, आणि दोन वर्षांनी माझ्या हाताखाली सुराने सूर धरला. मला रडू आले. आबा तारेकडे बघत म्हणाले, "ती तार जरा ढिली शे," आणि खुंटी पिळू लागले.

किंमत विचारली तर म्हणाले, "हाई पैसानी नही मियत, भाऊ. भोपयामा मावस तितली जुवारी द्या."

नाद घुमावा म्हणून मी आबांच्या घांगळ्यांतली सगळ्यांत मोठ्या भोपळ्यांची निवडून बसलो होतो! आबा मिश्कील हसत म्हणाले, "मोठला भोपया उचलताना तं भलती हौस व्हती!" बाजारातून ज्वारी आणली. भोपळ्यांच्या पोटाच्या भोकांतून ती आत ओतली, गच्च भरली, मग आबांच्या सुपात रिकामी केली. मी निघणार, तोच त्यांची बायको, जिला सारा पाडा अक्का म्हणे, सुपातली चिमूटभर ज्वारी घेऊन आली आणि तिने ती भोपळ्यात टाकली.

"रिकामं भांडं कोनले देतस का?" ती म्हणाली. "पोटमा दाना ऱ्हायना म्हंजे गाई ती." पोटात दाणा राहिला तरच घांगळी गाईल, असे तिचे म्हणणे.

परतीच्या मोटारीत एका बाईने मला नमस्कार करून विचारले, "महाराज, आज कथा कोना घर शे?" चाळीसगावच्या पुढे पुण्याच्या गाडीत सावद्याच्या एका केळीवाल्याने घांगळीला जागा व्हावी म्हणून स्वतःची पथारी गुंडाळली आणि वर मला केळी खाऊ घातली. गाडीच्या हिसक्यागणिक भोपळ्यात दाणे खुळखुळत होते. ते झटकून टाकावेत असे माझ्या मनात आले होते, पण हात धजला नाही.

घरी वाजवायला बसलो. बायको पोळी लाटायची थांबली. दुर्गा अजून रुसलेली होती, तरी दारापर्यंत आली.

"दादा, आत काहीतरी वाजतंय. काढू का?"

मी तिला अक्कांची गोष्ट सांगितली. मग घांगळी तिरकी करून थोडे दाणे तळहातावर घेतले, थोडे आत राहू दिले. खुंटीवरची सतार काढली आणि दाणे तिच्या गवसणीच्या, म्हणजे कापडी खोळीच्या, कोपऱ्यात ठेवले.

"ने," मी म्हटले. "रिकामी देत नाहीये."

"आणि हात सुधारला तर?"

"हा आता असाच राहणार, दुर्गे."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो. बोलून झाल्यावर कोपऱ्याला गाठ मारू लागलो, पण डावा तळवा वळत नसल्याने ती काही बसेना. दुर्गाने दुसरे टोक धरले.