खिळ्यावरची सिनियॉरिटी

बसच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. खिडकीमागे बसून राहिलं की ते आपोआप साठतात. अकोल्यातल्या एका छोट्या खासगी बस लाइनचा मी टाइमकीपर होतो, चांगली एकोणीस वर्षं. त्यातलं बरंचसं विसरलो. पण आमची लाइन अमरावतीच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली, त्या वर्षातलं एकूणएक आठवतं. सांगायला लागलो की लोक हसतात. मीही हसतो, आणि मग दिवसभर कशातच लक्ष लागत नाही.

ते दिवसच वाईट होते. बोंडअळीने दोन वर्षं कपाशी खाल्ली. लग्नं पुढे ढकलली गेली, लेकी माहेरी यायच्या थांबल्या, लोक बाजाराला पायी जाऊ लागले. गाड्या रिकाम्या! शेवटी आमच्या मालकांनी अकरा गाड्या आणि चौदा ड्रायव्हर अमरावतीला देऊन टाकले. तिथे ऐंशी गाड्या. आता दोन्हीकडच्या ड्रायव्हरांची मिळून एकच सिनियॉरिटी लिस्ट करायची होती. वर असेल त्याने आधी रूट निवडायचा, कपात झाली की खाली असेल त्याने आधी घरी जायचं. नियम एवढाच.

* * *

आमची लिस्ट कागदावर नव्हतीच. ऑफिसात एक लाकडी फळी, फळीवर चौदा खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एकाचा पितळी बिल्ला. सगळ्यात वरचा खिळा युसुफभाईंचा. ते राहायला अचलपूरला. अचलपूर-अकोला पहिली गाडी सत्तावीस वर्षं त्यांचीच. कोणी रिटायर झालं की खालचे सगळे एकेक खिळा वर सरकायचे आणि पेढे वाटायचे. कोण कधी लागला, ही तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती.

अमरावतीचे मॅनेजर देशमुख साहेब म्हणाले, "फळीच पाठवून द्या."

न्यायला त्यांचा क्लार्क आला. माणूस फार काळजीवाहू. मूर्तिजापूरपर्यंत फळी मांडीवर धरून बसला. पुढे रस्ता खराब, बिल्ले उडून पडतील म्हणून त्याने चौदाही बिल्ले काढून रुमालात बांधले. अमरावतीला साहेबांच्या टेबलावर रिकामी फळी ठेवली, शेजारी रुमाल सोडला आणि म्हणाला, "मोजून घ्या साहेब. एकही हरवला नाही!"

* * *

मग साहेबांनी पुरावे मागितले.

युसुफभाई म्हणाले, "साहेब, मी लागलो तवा अंजनगावच्या अलीकडच्या नाल्यावर पूल नोता. सवाऱ्या उतरवून गाडी पान्यातून काढत होतो."

साहेबांनी ते लिहून घेतलं. पूल कधी झाला ते विचारायला कुठल्याशा कचेरीत पत्र टाकलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं : "आमच्या नोंदीप्रमाणे सदर नाल्यावर अद्याप पूल नाही."

ज्या पुलावरून आम्ही रोज जात होतो, तो!

बाकीच्यांना लग्नपत्रिका सुचल्या. नोकरी लागल्याशिवाय पोरगी देतो कोण? म्हणजे माणूस लग्नाच्या आधी लागला, हे पक्कं. साहेबांनाही ते पटलं. राहिले तायडे. वय बावन्न, बिनलग्नाचे. साहेबांनी त्यांना सगळ्यात खाली टाकलं.

तायडे म्हणाले, "लगन नाई केलं साहेब, तं मंग इतके वर्स गाडी कोन चालवून राह्यला होता?"

* * *

अमरावतीच्या गॅरेजमध्ये मीटिंग झाली. आमचे म्हणाले, नोकरीच्या वर्षांवर लावा. त्यांचे म्हणाले, गाडी आमची, लिस्ट आमची. आरडाओरडा वाढला तेव्हा देशमुख साहेब वैतागून ओरडले, "आपल्या आपल्या नंबराने लाइनीत उभे राहा बरं!"

त्यांच्याकडे विठ्ठल गावंडे म्हणून ड्रायव्हर होता. एकेकाळी आमच्या लाइनीला क्लीनर होता, स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते युसुफभाईंच्या शेजारी बसून. साहेबांनी त्याला पुढे आणि युसुफभाईंना मागे उभं केलं. गावंडे निमूटपणे मागे जाऊन उभा राहिला.

"अरे, पुढे हो!"

"नाई होत साहेब. उस्तादच्या पुढं मी कसा उभा राहू?"

त्याच्या मागचा अमरावतीवाला लगेच भडकला. गावंडे मागे गेला म्हणजे मीही मागे गेलो! तासभर हाच घोळ. शेवटी सगळे जेवायला गेले, तिथे मात्र रांग बरोबर लागली.

* * *

चार महिने असे गेल्यावर एके दिवशी साहेब अकोल्याच्या ऑफिसात आले. त्यांनी अमरावतीची लिस्ट घेतली, लग्नपत्रिकांवरून केलेली आमची तिच्याखाली ठेवली, स्टेपलर दाबला आणि म्हणाले, "झालं मर्जर!"

अमरावतीतला काल लागलेला माणूससुद्धा युसुफभाईंच्या वर. स्टेपलरच्या पिना संपल्या होत्या, नव्या मीच माझ्या ड्रॉवरमधून काढून दिल्या होत्या. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

युसुफभाई माझ्या खिडकीशी आले. "बाबूजी, दोन साल राह्यले माझे. नंबर कोन्ताबी द्या म्हना, पन गाडीवर राहू द्या. घरी बसून मी काय करू?"

मी चहा मागवला.

* * *

त्या हंगामातही कापूस गेला. पंधरा जणांना घरी बसवलं. आमचे चौदा आणि त्यांचा एक. आता लिस्टीत सगळ्यात खाली राहिला गावंडे, म्हणून कोणालाच नको असलेला अचलपूरचा रूट त्याला मिळाला. त्या रस्त्याला तो किती वर्षांत फिरकला नव्हता. साहेबांनी युसुफभाईंना निरोप पाठवला : एक दिवस येऊन नव्या ड्रायव्हरला रस्ता दाखवा.

आणि ते आले हो!

बॉनेटजवळच्या सीटवर बसले. कंडक्टर अमरावतीचा, त्याने तिकीट मागितलं. गावंडे गाडी बाजूला घेऊन त्याच्या अंगावरच धावला. "उस्तादले तिकीट मागतं का बे?"

"मांगू दे," युसुफभाई म्हणाले. "त्याचं बरोबर हाय. तू समोर पाह्य." आणि तिकीट काढलं.

अकोल्यापर्यंत सांगत आले. इथं हळू घे. इथं एक बुढी उभी राह्यते, हात नाई दाखवत, तरी थांबजो.

गाडी अकोल्याला लागली. आमच्याकडे रिवाज असा की ड्रायव्हरने उतरून टायर पाहायचे, मग माझ्या खिडकीशी येऊन लॉगबुकात शेरा लिहायचा आणि सही करायची. युसुफभाई उतरले, गाडीला एक फेरी मारली, टायर दाबून पाहिले आणि खिडकीशी येऊन हात पुढे केला. मागे गावंडे उभा. लॉगबुकावर आता त्याचं नाव होतं.

मी काय करणार? प्रवाशांनी सही करावी अशी एकच वही ऑफिसात होती, तक्रारवही. तीच पुढे सरकवली.

त्यांनी चष्मा लावला. गाडी नंबर लिहिला, वेळ लिहिली. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं : "मागचा डावा टायर कमी. बाकी गाडी ठीक." खाली सही केली आणि सहीपुढे लिहिलं : ड्रायव्हर.