शेंडे सरांचा झाडावरचा बैल

शेंडे सर गेल्याचं मला भंडाऱ्याच्या बस स्टँडवर कळलं. अड्याळच्या बसमधून उतरलेला चुलतभाऊ म्हणाला, "तुहे ड्राइंगचे सर गेले ना बे. परवा माती झाली." मी चहाचा कप टपरीवर ठेवून दिला. बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक थाप त्यांच्याजवळ कबूल करायची होती. राहूनच गेली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याचा तेव्हा अभिमान होता, आजही आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी मला घरी बोलावलं. नागपूरच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. पॅरिसमधली अतिवास्तववादाची लाट दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनला कशी पोचली आणि तिथल्या चित्रकारांनी ती आपल्या दगडाधोंड्यांत, समुद्रकाठी कशी उतरवली, याचं. एक पाहुणा चित्रकार तर तिथं पाणबुड्याचा पोशाख चढवून भाषण द्यायला उभा राहिला आणि आतच गुदमरायला लागला. हे ऐकून सर इतके हसले की काकू चुलीजवळून उठून बघायला आल्या. दिवाळीनंतर आमच्याकडे भरणाऱ्या मंडईच्या जत्रेची आठवण काढत सर म्हणाले, "आपल्या मंडईतल्या सोंगापेक्षा भारी होय बाबू हा!"

रोज संध्याकाळी मी वाचायचो, अर्थ सांगायचो. अर्धं मलाच समजायचं नाही. पण घरातला पहिला कॉलेजवाला 'येत नाही' कसं म्हणेल? एका पानावर पुरता अडकलो. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ठोकून दिलं, "सर, ते म्हणतात, झोपेत दिसलं ते सकाळी जसंच्या तसं काढा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून सर भेटेल त्याला विचारू लागले, "काल काय दिसलं जी?" पानठेलेवाला, पोस्टमन... कोणी सुटलं नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत नाटक व्हायचं, त्याचे पडदे सरच रंगवायचे. त्या वर्षी शाळेच्या वऱ्हांड्यात जंगलाचा पडदा वाळत घातला, तर मोहाच्या शेंड्यावर एक बैल निवांत रवंथ करत बसलेला, आणि तलावाच्या पाळीवर, भिंत नसताना, एक दार उघडं. नाटक मंडळाचे अध्यक्ष बघायला आले.

"मास्तर, बैल झाडावर काहून चढला जी?"

"झोपेत चढला जी. आता त्याले कसा उतरवू?"

सगळे हसले, अध्यक्ष सोडून. "लोक तिकीट काढून नाटक पाहाले येतात, तुमची झोप पाहाले नाही." सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. शिकलेला तिथं मीच होतो, मीच बोलायला हवं होतं... मी चपलेकडे बघत राहिलो. दोन दिवसांत सरांनी बैलावर पानं रंगवली, दार बुजवलं. पुढच्या वर्षी पडद्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं. माझ्या थापेपायी गेलं, हे मला कायम टोचत आलं. सर मात्र जेव्हा भेटले तेव्हा तेच, "काल काय दिसलं बाबू?"

पंधरा दिवसांनी मी अड्याळला गेलो. काकूंनी ते पुस्तक हातात ठेवलं. "बाबूले देजो, म्हणत होते." मी घाईनं ते पान काढलं. समासात पेन्सिलीनं, सरांच्या गोलगोल अक्षरांत लिहिलं होतं, 'बाबू इथं अडला. अंदाज बरा आहे.'

पुस्तक आता माझ्या टेबलावर असतं. शेजारी जाडजूड शब्दकोशही आहे. त्या पानाचा खरा अर्थ मी अजून काढलेला नाही.